शिडाच्या छोट्या होड्या आणि मोठी माणसे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत बोलण्याचे आमंत्रण देताना चिटणीसांनी आम्हांस विषय विचारला. ‘बिनतारी यंत्राने चालविण्याच्या शिडाच्या छोट्या होड्या व त्यांच्या हिवाळी शर्यती’ असे आम्ही सांगितले. ते क्षणभर थांबले आणि मोठ्या अदबीने म्हणाले, “सर, शिक्षणावर काही बोलला असतात तर?” विषय शिक्षणाचाच आहे, असे त्यांना आम्ही आश्वासन दिले. ते कितपत खरे ठरते हे आता आपणच पाहावे.

प्रथम या विषयाशी आमचा संबंध कसा आला ते थोडक्यात सांगतो. आमचे धाकटे बंधू इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका गावी इस्पितळात नोकरीस आहेत. २०२३ साली त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. घरात लहान मुले आणि हाताशी माणूस नाही, म्हणून आम्ही बिनपगारी रजा काढून ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत तेथे राहिलो. मुलांना शाळेत पोचवावे आणि दुपारी घेऊन यावे, एवढेच काम. मधला वेळ कसा घालवावा हा प्रश्न होता. तो एका तळ्याने सोडविला. दर बुधवारी आणि रविवारी सकाळी त्या तळ्याकाठी वीस-बावीस माणसे जमत. बहुतेक निवृत्त, काही कामकरी, दोन-चार शाळकरी मुले आणि मुली. प्रत्येकाच्या हातात बिनतारी यंत्राची पेटी, आणि पाण्यावर तेवढ्याच पांढऱ्या शिडांच्या होड्या.

ही खेळणी आहेत असे प्रथम आम्हांसही वाटले होते. तेव्हा होडी कशी असते ते सांगणे अवश्य आहे. या शर्यतींत एक मीटर लांबीचा एक आंतरराष्ट्रीय वर्ग आहे. तो १९८८ साली ठरला व आज जगभर प्रचलित आहे. होडीचे वजन किमान चार किलो असावे लागते. त्यातील निम्म्याहून अधिक वजन पाण्याखालच्या उभ्या पात्यात आणि त्याच्या टोकाशी बसविलेल्या शिशाच्या गोळ्यात असते. म्हणून जोराच्या वाऱ्यात होडी आडवी झाली तरी पुन्हा उठून उभी राहते. होडीला पुढे ढकलणारे कोणतेही यंत्र नसते. यंत्रे असतात ती दोनच कामांची. एक सुकाणू फिरवते, दुसरे शिडाची दोरी ओढते किंवा सोडते. बाकी सगळे वाऱ्याचे. शिडांचे तीन संच ठेवता येतात. मंद वाऱ्याला सर्वांत मोठा, मध्यम वाऱ्याला त्याहून लहान, आणि वारा पिसाळला म्हणजे सर्वांत लहान. कोणता संच केव्हा चढवावा याचा निर्णय सकाळी आकाशाकडे पाहून करावयाचा, आणि तो चुकला तर दिवसभर भोगावयाचा.

हा छंद आजचा नव्हे. लंडनच्या केन्सिंग्टन बागेतील गोल तळ्यावर एकोणिसाव्या शतकापासून छोट्या शिडांच्या होड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. गॉस्पोर्ट, फ्लीटवुड या समुद्रकाठच्या गावी तर याच खेळासाठी तळी आहेत. तेथील राष्ट्रीय मंडळाची परंपरा १९११ पर्यंत मागे जाते. बिनतारी यंत्र येण्यापूर्वी होडी एकदा सोडली की सोडली. शिडांची आणि सुकाणूची जोडणी आधीच अशी करावयाची की होडीने आपली वाट आपणच धरावी. ती काठाशी आली की मालकाने धावत जाऊन काठीने वळवावयाची. तेव्हा एका वेळी दोनच होड्या लढत, आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी गाठ घालता घालता दिवस संपे. बिनतारी यंत्राने एकाच वेळी वीस होड्या पाण्यावर आणल्या. पण आरंभी त्यातही अडचण होती. दोघांच्या यंत्रांची लहर एक झाली तर एकाच्या बोटाने दुसऱ्याची होडी वळे. म्हणून काठावर एक फळी असे व तीवर खुंट्या. ज्याच्या हाती खुंटी, त्यानेच ती लहर वापरावी. २.४ गिगाहर्ट्झच्या नव्या संचांनी ती कटकट आता संपविली आहे.

आता शर्यत. पाण्यात बोये टाकलेले असतात. दोन बोयांमधली अदृश्य रेषा म्हणजे आरंभरेषा. ध्वनिफितीवरून दोन मिनिटांची मोजणी सुरू होते. शेवटच्या मिनिटात दर दहा सेकंदांनी आकडा ऐकू येतो आणि शेवटची दहा सेकंदे एकेक करून मोजली जातात. सर्व होड्या रेषेमागे घिरट्या घालीत असतात. लवकर ओलांडाल तर परत यावे लागेल, उशीर कराल तर पुढच्यांनी वापरलेला, मोडलेला वारा तुमच्या वाट्यास येईल. आरंभ होताच वाऱ्याच्या दिशेला असलेल्या बोयाकडे जावयाचे. पण वाऱ्याच्या तोंडावर शिडाची होडी सरळ जाऊच शकत नाही. कधी डाव्या अंगाने, कधी उजव्या अंगाने वारा घेत, नागमोडी वाटेने तिला चढावे लागते. येथे ज्याला पाणी वाचता येते तो जिंकतो. वाऱ्याची झुळूक पाण्यावर उतरते तेव्हा तेथे काळसर सावली धावताना दिसते. ती आपल्याकडे येण्याआधी जो वळतो त्याला चढण सोपी होते. आम्ही भूगोलाचे शिक्षक. खारे वारे आणि मतलई वारे आम्ही वीस वर्षे फळ्यावर बाण काढून शिकविले. वारा दिसतो, हे मात्र त्या तळ्याकाठी एका निवृत्त बसचालकाकडून शिकलो.

नवशिक्याची खरी फजिती होते ती होडी आपल्याकडे येऊ लागली म्हणजे. ती दूर जात असते तोवर आपले उजवे ते तिचे उजवे. ती फिरून समोर आली की सगळे उलटे होते. आपण उजवीकडे वळवू जातो आणि ती डावीकडे जाऊन काठावर आपटते. यावर तेथील जुनी मंडळी एकच उपाय सांगतात. यंत्रातल्या कांडीकडे बघू नका, मनाने होडीत जाऊन बसा आणि तेथून पाहा. शाळेत आणि घरात आमचे निम्मे तंटे दुसऱ्याच्या होडीत बसून न पाहिल्यामुळेच होतात, हे आम्हांस तेव्हा जाणवले.

वाटेचे नियम मोठ्या जहाजांच्या शर्यतींचेच आहेत. ज्या होडीच्या उजव्या अंगाने वारा येत असेल तिला वाटेचा हक्क. दोघींचा वारा एकाच अंगाचा असेल, तर वाऱ्याकडच्या होडीने वाऱ्याआडच्या होडीस जागा द्यावी. बोयापासून होडीच्या चार लांबींच्या आत शिरताना जी आतल्या बाजूस असेल तिला वळण्यापुरती जागा द्यावी. माणसे एकमेकांना नावाने हाक मारीत नाहीत, शिडावरच्या आकड्याने मारतात. “बावीस, जागा द्या!” बावीस म्हणजे कोणी निवृत्त डॉक्टर असेल, हाक मारणारी बारा वर्षांची मुलगी असेल. डॉक्टर जागा देतो. हुद्दा काठावरच्या बाकावर कोटाबरोबर ठेवलेला असतो.

गुणांची रीतही सोपी आहे. पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन. ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. हिवाळाभर चालणाऱ्या मालिकेत प्रत्येकाच्या काही वाईट फेऱ्या वजा होतात, म्हणजे एका दिवसाच्या सर्दीने किंवा तुटलेल्या दोरीने सहा महिन्यांचे श्रम वाया जात नाहीत. स्पर्धा मोठी असली तर होड्यांच्या तुकड्या पाडतात. वरच्या तुकडीतील शेवटचे चार खाली उतरतात, खालच्या तुकडीतील पहिले चार वर चढतात, आणि हे दिवसभर चालते. आमच्या शाळांत ‘ब’ तुकडीवर एकदा बसलेला शिक्का दहावीपर्यंत पुसला जात नाही. तेथे तो तासाभरात पुसता येतो.

आपण विचाराल, एवढ्या थंडीत हा उपद्व्याप कशासाठी? कारणे व्यवहारी आहेत. उन्हाळ्यात तळ्यांत पाणगवत माजते आणि ते होडीच्या पात्याला व सुकाणूला गुंडाळते. थंडीत ते मरते व पाणी मोकळे होते. हिवाळ्यात अटलांटिक महासागरावरून वादळी हवा एकामागून एक येत राहते, त्यामुळे वाऱ्याची वाण नसते. मोठ्या होड्या चालविणारे लोक थंडीत आपल्या होड्या ओढून ठेवतात, तेही छोट्या होड्यांकडे वळतात. पण त्रास काही थोडा नाही. डिसेंबरात तेथे आठ वाजता उजाडते आणि चारला सूर्य मावळतो. बोटे बधिर होतात, म्हणून यंत्रावर कापडी पिशवी चढवितात. तीत दोन्ही हात घालावयाचे आणि वरच्या पारदर्शक खिडकीतून कांड्या पाहावयाच्या. थंडीने बॅटरीचा दम कमी होतो. पाणी होडीत शिरू नये म्हणून झाकणावर दर वेळी नवी चिकटपट्टी लावतात. तळ्यावर पापुद्र्यासारखे बर्फ धरले तर शर्यत रद्द, कारण बर्फाची धार होडीचे अंग कापते. मग त्या दिवशी सगळे नुसतेच चहा पितात. तरीही येतात.

तरीही का येतात, हे समजावयास आम्हांस जानेवारी उजाडावा लागला. एक गृहस्थ दोन बुधवार आले नाहीत. तिसऱ्या बुधवारी शर्यत सुरू होण्यापूर्वी दोघे जण त्यांच्या घरी गेले. बायको वारल्यापासून ते एकटेच राहत. आजारी नव्हते. अंथरुणातून उठण्याचे कारण सापडत नव्हते, एवढेच. त्या दोघांनी त्यांना उपदेश केला नाही. “तुमच्या होडीची दोरी बदलावयाची आहे, आम्हांला जमत नाही,” असे सांगून त्यांना बरोबर घेऊन आले. ते दिवसभर बाकावर बसून इतरांच्या दोऱ्या बांधीत होते. पुढच्या आठवड्यात त्यांची होडी पाण्यावर होती. आम्ही घरी येऊन बंधूंना म्हणालो, की ही होड्यांची मंडळी दिसत असली तरी ती एकमेकांची हजेरी घेणारी मंडळी आहे.

आणि आता ज्या प्रसंगासाठी हा विषय आम्ही निवडला तो सांगतो. मार्चमधील मालिकेचा शेवटचा रविवार. वाईट फेऱ्या वजा करून एका वृद्ध गृहस्थांची बेरीज एकवीस होती. त्यांच्या मागे एक तरुण सुतार, त्याची तेवीस. बाकी कोणी स्पर्धेत उरले नव्हते. शेवटच्या फेरीत वृद्ध दुसरे आणि सुतार तिसरा असे वाऱ्याकडच्या बोयाशी पोचले. याच क्रमाने फेरी संपती तर तेवीस आणि सव्वीस, म्हणजे मालिका वृद्धांची. सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसाने ही मालिका पूर्वी कधी जिंकली नव्हती. बोया काठापासून दूर होता. त्यांची होडी बोयाला वळसा घालून निघाली. कोणी काही बोलले नाही, कारण कोणाला काही दिसलेच नव्हते. तेवढ्यात ते स्वतःच मोठ्याने म्हणाले, “एक्केचाळीस, बोयाला लागलो. गिरकी घेतो.”

नियम असा की बोयाला स्पर्श झाला तर इतरांपासून दूर होऊन होडीने एक पूर्ण गिरकी घ्यावी. त्यांनी ती घेतली. तोवर सुतार आणि आणखी दोघे पुढे निघून गेले. सुतार दुसरा आला, वृद्ध पाचवे. पंचवीस आणि सव्वीस. मालिका एका गुणाने गेली.

तेथे पंच होता काय? नव्हता. एक जण निशाणीवर उभा राहून क्रम लिहीत होता, एवढेच. छोट्या मंडळांतून पंच असतच नाहीत. वीस माणसे पाण्याकडे बघत असतात आणि प्रत्येक जण आपापली होडी बघत असतो. म्हणून खेळ उभा आहे तो एकाच गोष्टीवर. ज्याची चूक त्याने ती आपण होऊन सांगावी आणि दंड आपणच घ्यावा. चहाच्या वेळी आम्ही त्या गृहस्थांजवळ गेलो आणि हळहळ व्यक्त केली. ते म्हणाले, “बोया हलला होता. मी पाहिला होता.” एवढे बोलून त्यांनी होडीतले पाणी रुमालाने टिपावयास घेतले. त्या सुतारानेही विजयाचा गाजावाजा केला नाही. त्याने त्यांची होडी उचलून गाडीपर्यंत पोचविली.

बंधूंनो, आपण सारे एका विश्वस्त निधीचे सभासद आहोत. आमच्या घरी याला अमानत म्हणतात. दुसऱ्याची वस्तू, आपल्याकडे ठेवलेली. पन्नास वर्षे या ट्रस्टचे हिशेब लिहिणाऱ्यांवर दर दिवशी कोणी पंच बसविला नव्हता. हिशेबतपासनीस वर्षातून एकदा येतो. बाकीचे दिवस बोया हलला की नाही, ते ज्याचे त्यालाच ठाऊक. आपला ट्रस्ट टिकला तो अशा माणसांमुळे टिकला, आणि पुढची पन्नास वर्षे टिकावयाचा असेल तर अशी माणसे आजच्या दहा-बारा वर्षांच्या मुलांतून घडावी लागतील. ती नागरिकशास्त्राच्या धड्याने घडत नाहीत. तो धडा आम्हीच शिकवितो, म्हणून हे खात्रीने सांगतो.

कोणी म्हणेल, विलायतेतील हौस बेळगावास कशाला? पण पाण्याशी आमचे नाते विलायतेने शिकविलेले नाही. आमच्या आईचे माहेर रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. तेथील कितीतरी मुसलमान घरांतून सारंग, टंडेल आणि सुकाणी निघाले, पी. अँड ओ. कंपनीच्या बोटींवर डेकची कामे करीत लंडनच्या टिलबरी गोदीपर्यंत गेले. हिवाळ्याच्या थंडीत त्यांनीही तोच वारा अंगावर घेतला, मात्र दुसऱ्याच्या जहाजावर आणि दुसऱ्याच्या हुकुमाने. गोव्याची माणसे त्याच बोटींवर खानपानाचे काम पाहत. आज आपल्या या सभागृहात अशा घरांतील नातवंडे बसलेली असतील. त्यांच्यापैकी किती जणांना शिडाची दोरी बांधता येते? आपल्या देशातही हे वळण अगदी परके नाही. राष्ट्रीय छात्र सेनेच्या नौदल विभागात जहाजांच्या प्रतिकृती बनविण्याची स्पर्धा होते आणि हैदराबादच्या हुसेनसागरावर मोठ्या शिडांच्या शर्यती होतात. छोट्या होडीला त्याहून कमी पाणी पुरते.

आता मुद्द्याची गोष्ट. गेल्या सर्वसाधारण सभेत एक ठराव चर्चेला आला, तो आपल्यापुढे पुन्हा येणार आहे. ट्रस्टच्या इमारतीतील बालविभागाची खोली ओस पडली आहे, मुले येत नाहीत, सबब ती गोदामासाठी भाड्याने द्यावी, असा तो ठराव. भाड्याचे उत्पन्न शिष्यवृत्तीला जाईल हे खरे आहे आणि ते मोलाचे आहे. ठराव मांडणाऱ्यांच्या हेतूबद्दल आमच्या मनात शंका नाही. तरी आमची विनंती आहे की ती खोली दोन हिवाळे आमच्या हाती द्यावी.

आम्ही तेथे होड्या बांधू. एक मीटरची होडी महाग पडते. पण पासष्ट सेंटिमीटर लांबीचा एक वर्ग आहे, तो ब्राझील आणि अर्जेंटिनात लोकप्रिय आहे आणि त्याची होडी हलक्या लाकडाची, घरी बांधता येण्याजोगी असते. आपल्या सभासदांत सुतार आहेत, शिंपी आहेत, रेडिओ दुरुस्त करणारे एक काका आहेत. काका निवृत्त झाल्यापासून संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कट्ट्यावर बसून असतात. मुले समोरून जातात, मान मोबाईलमध्ये घातलेली. काकांना मुले बोलत नाहीत आणि मुलांना काका बोलत नाहीत. शिशाचा गोळा ओतावयाचा असेल, दोरीची ओढ मोजावयाची असेल, यंत्रात पाणी गेले असेल, तर मात्र दोघांना एका टेबलाशी यावेच लागेल. आरंभी सहा होड्या पुरेत. त्या कोणा एकाच्या नसाव्यात, ट्रस्टच्या असाव्यात, आणि पाळीने मिळाव्यात. मुलींची पाळी मुलांइतकीच असावी. शर्यतीसाठी किल्ला तलाव आहे. त्याची परवानगी मागावी लागेल, ती आम्ही मागू. आपल्याकडे हिवाळ्यात पूर्वेचा कोरडा वारा असतो, बर्फाची भीती नाही, आणि बोटे बधिर होण्याचे निमित्तही कोणाला सांगता येणार नाही. बिनतारी संचाच्या परवान्याचीही चिंता नको. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवरील कमी शक्तीच्या यंत्रांना आपल्या देशात २००५ पासून परवाना लागत नाही.

हा श्रीमंतांचा खेळ आहे, असा आक्षेप आम्ही ऐकला आहे. सहा होड्यांचा खर्च आम्ही चिटणीसांकडे लिहून दिला आहे, तो सूचनाफलकावर लागेल. त्यावर जरूर टीका करावी. मुले पाण्यात पडतील, हा दुसरा आक्षेप योग्य आहे. म्हणून काठावर दोन पोहणारी प्रौढ माणसे असल्याखेरीज होडी सोडावयाची नाही, हा पहिला नियम राहील. तिसरा आक्षेप असा, की यातून परीक्षेचे गुण वाढणार नाहीत. तो आम्हांस मान्य आहे. गुण वाढविण्याचे काम शाळेकडे आहे, ते आम्ही तेथे करतोच.

दोन हिवाळ्यांनंतर खोली पुन्हा ओस पडलेली दिसली, तर ती गोदामाला देण्याचा ठराव आम्ही स्वतः मांडू. तोवर एवढेच मागणे आहे. पुढील डिसेंबरात एखाद्या रविवारी सकाळी आपण किल्ला तलावाकाठी यावे. काकांच्या शेजारी एक मूल उभे असेल. होडी बोयाजवळून जाईल. बोया हलेल किंवा हलणार नाही. हलला, तर ते मूल काय म्हणते ते आपण ऐकावे, आणि मग त्या खोलीचे भाडे किती, याचा हिशेब करावा.